पद्माबाईच्या गाण्यातली दुसरी

शालूबाईनं पद्माला पहिल्यांदा पाहिलं, त्यापेक्षा पहिल्यांदा ऐकलं म्हणणं बरोबर होईल. जनकाबाईच्या नणंदेची हळद होती. ओसरीवर जातं मांडलेलं, घरच्याच शेतातली हळकुंडं कुटून घेतलेली, आणि जात्याभोवती बायकांची अशी दाटी की वाऱ्याला शिरायला जागा नव्हती. पद्मा त्या गल्लीत नुकतीच नांदायला आली होती. पदर नाकापर्यंत ओढून ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्याकडं कोणाचं लक्षही नव्हतं. गावात गाणं म्हटलं की शेषरावची शालू. ती सांगणार आणि बाकीच्या तिच्या मागं म्हणणार, हे ठरलेलं.

जनकाबाईच्या जिभेला हाड नव्हतं, आजही नाही. ती म्हणाली, "काय गं नवी नवरी, तुह्या माहेरी बाया गातेत का नुसत्याच खातेत?"

बायका खिदळल्या. पद्मा सरकून पुढं आली, जात्याच्या खुंट्याला हात घातला आणि एकदम ओळ उचलली.

हळद दळिता बाई, हात झाले पिवळे,
नवरीच्या माउलीचे डोळे का ग ओले

आवाज पातळ आणि सरळ, विहिरीत सोडलेल्या पोहऱ्याच्या दोरीसारखा. पण पोरगी घाबरली होती. 'का ग'पाशी आली आणि तिचा दम संपला.

हळदीच्या मांडवात ओळ अर्धी पडू द्यायची नाही, असा तिकडं रिवाज आहे. ओळ अर्धी राहिली तर संसारातलं काहीतरी अर्धं राहतं, असं म्हाताऱ्या सांगायच्या. खरं-खोटं कोणी तपासलं नव्हतं, पण ओळ पाडायची हिंमतही कोणी केली नव्हती. जात्याच्या पलीकडं बसलेल्या शालूबाईनं विचार न करता 'ओले' उचललं. तिचा आवाज जाड, थोडा खरबरीत, जात्याच्या घरघरीत मिसळून जाणारा. तेवढ्यात पद्मानं श्वास घेतला आणि पुढची ओळ धरली. त्या ओळीच्या शेवटी ती पुन्हा थांबली, पण या वेळी दम संपला म्हणून नव्हे. समोर झेलणारं माणूस आहे, हे तिला कळलं होतं म्हणून.

"जोडी जमली गं माय," जनकाबाई म्हणाली.

जमली ती जमलीच. पद्मानं सोडायचं आणि शालूबाईनं झेलायचं. पुढं कळमनुरीकडून, आखाडा बाळापूरकडून लोक दोघींना लग्नाला बोलावायला येऊ लागले. हळद शिजवायच्या दिवसांत, कढईची वाफ अंगावर घेत त्या रानात गायच्या. जयंतीला विहारासमोर गायच्या. मधे ना श्वासाची जागा दिसायची ना सांधा. ऐकणाऱ्याला वाटायचं एकच बाई गातेय, तिला दोन गळे आहेत.

शालूबाईच्या मनात मात्र त्या पहिल्या दिवसापासून एक कुसळ रुतलेलं होतं. लोक उठताना म्हणायचे, "पद्माचा गळा म्हंजे गळा." शालूचा गळा असं कोणी म्हणायचं नाही. छपराखालच्या वाशाची तारीफ कोण करतं? गावातली पहिली जागा तिची होती, ती एका संध्याकाळी सरकली, आणि सरकवणारी पोर इतकी गरीब की तिच्याशी भांडावं तरी कसं? मग शालूबाईनं स्वतःची समजूत घालून घेतली. असू दे हिचा गळा गोड. शेवटचा शब्द माझा हाय. मी न्हाई झेलला तर हिची ओळ भुईवर पडंल. ही गोष्ट तिनं नवऱ्यालाही कधी सांगितली नाही, पण इतकी वर्षं तिनं पद्मावर जी माया केली, ती या एका गोष्टीच्या आधारावर.

पद्माचा नवरा गेला, त्याला काही वर्षं झाली. मुलगी शीतल लग्न होऊन नांदेडला गेली, तिथं नर्स झाली, मुलगा धम्मानंद पुण्याला कंपनीत लागला. पद्मा अंगणवाडीत मदतनीस होती, सकाळी खिचडी शिजवायची, लेकरं गोळा करायची आणि दुपारी रिकाम्या घरात येऊन बसायची. धम्मानंदनं नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना कम्प्युटर घरीच ठेवला. त्यावर पद्मानं नक्षीचा रुमाल टाकून ठेवला होता. एकदा शीतल आली, आईला गुणगुणताना ऐकून म्हणाली, "आई, ही गाणी कुठं लिहिलेली न्हाईत. तू अन् शालूमावशी, तुमच्यामागं कोण म्हणणार? भरून ठेव की यात." पुढच्या खेपेला तिनं एक माइक आणला आणि कानाला लावायचे मोठे हेडफोन आणले.

सातवी शिकलेली पद्मा त्या खटाटोपात अशी बुडाली की गल्लीला नवल वाटलं. मोबाइलवर शिकवणारे व्हिडिओ बघायची, अडलं की धम्मानंदला फोन लावायची. आवाज घुमतो म्हणून तिनं खोलीच्या चारी भिंतींना गोधड्या टांगल्या. 'प' आणि 'फ'चा वारा माइकवर आदळतो म्हणून भरतकामाच्या रिंगीत पातळ ओढणीचा तुकडा ताणून माइकपुढं बांधला. सगळ्यात मोठी अडचण होती गल्लीच्या टोकाच्या बालाजीच्या गिरणीची. गिरणी चालू असली की रेकॉर्डिंगमध्ये घरघर यायची. लाइट गेली की गिरणी बंद व्हायची, पण मग कम्प्युटरही बंद. लाइट आहे आणि दळण नाही, अशी वेळ धरायची म्हणजे मांजरानं उंदराची वाट बघण्यासारखं होतं. पद्मा दारात उभी राहून बालाजीला विचारायची, "दादा, अजून कोणाचं दळण हाय का?"

"एक पायली ज्वारी हाय, मावशी. मग जेवाया जातो."

"सावकाश जेवा," पद्मा म्हणायची.

शालूबाई हे सगळं आपल्या ओट्यावरून बघत होती. पूर्वी दुपारी पद्मा तिच्या ओट्यावर यायची. दोघी तांदूळ निवडायच्या, नाहीतर नुसत्या बसायच्या. आता ती यायची बंद झाली. आली तरी ट्रॅक, नॉइज, असले शब्द बोलायची. शालूबाई एकदा शेषरावला म्हणाली, "सवत आणली असती तर तिला दोन शब्द तरी ऐकवले असते. डब्ब्याला काय ऐकवावं?"

"तू बी जाऊन बस की," शेषराव म्हणाला. तो साधा माणूस होता.

"बोलवू तर दे."

पद्मानं बोलावलं. "अक्का, चला. बालाजीदादा जेवाया गेले." शालूबाई नवं लुगडं नेसून गेली. खोलीत गोधड्यांमुळं कोंदटलेलं होतं, पंखा बंद केलेला. पद्मानं तिला स्टुलावर बसवलं, हेडफोन लावून बघितले, पुढं माइक सरकवला. शालूबाईनं पदर सावरला आणि हातातल्या हिरव्या बांगड्या किणकिणल्या. पडद्यावर आवाजाची एक बारीक रेघ होती, ती एकदम गोमीसारखी पाय काढून उठली.

"थांबा अक्का," पद्मा म्हणाली. "बांगड्या वाजून राहिल्या."

शालूबाई हात मांडीवर ठेवून बसली. श्वास घेतला, पुन्हा किणकिण.

पद्माचं लक्ष पडद्याकडं होतं. तिथूनच ती सहज बोलली, "थोड्या वेळ काढून ठेवता का बांगड्या?"

शालूबाईनं हेडफोन काढला. हळद वेचताना ती स्वतः बांगड्या कोपरापर्यंत सारायची, त्यात काही जगावेगळं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पण कित्येक दिवस ती काहीतरी सापडायची वाट बघत होती, आणि ते सापडलं.

"माहा नवरा जित्ता हाय, पद्मे," ती म्हणाली. "तुहे हात मोकळे झाले म्हणून माहे बी मोकळे करती का?"

पद्मानं माउसवरचा हात मागं घेतला. तिच्या मनगटात नुसतं घड्याळ होतं. ती म्हणाली, "तसं न्हवतं म्हणायचं, अक्का."

शालूबाई उठून घरी आली आणि तिनं दार लावलं. संध्याकाळी पद्मा आली, कडी वाजवली. शालूबाई आत चुलीजवळ बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही पद्मा आली. तेव्हाही शालूबाई आतच होती. त्यानंतर पद्मा आली नाही. शालूबाईला आपल्या बोलण्याची लाज वाटत नव्हती असं नाही. पण लाज आणि मत्सर एकाच घरात राहायला आले की मत्सर खाटेवर झोपतो आणि लाज बाहेर ओट्यावर.

उन्हाळ्यात वसमतला शेषरावच्या भाचीचं लग्न निघालं. मांडव मोठा, लाकडी खांबांऐवजी लोखंडी, आणि कोपऱ्यात हे एवढाले स्पीकर. हळदीची वेळ झाली. शालूबाई सवयीनं पाट ओढून बसली, खाकरून गळा साफ केला. कोणी गा म्हणालं नाही. एका पोरीनं मोबाइलवर बोट फिरवलं आणि स्पीकरमधून आवाज आला.

हळद दळिता बाई, हात झाले पिवळे…

पद्मा! शालूबाईच्या अंगावर काटा आला. ओळ पुढं सरकली, 'डोळे का ग'पाशी आली, आणि पद्मा थांबली. शालूबाईच्या तोंडात 'ओले' आलं होतं, पण ते बाहेर पडायच्या आत स्पीकरमधून दुसऱ्याच बाईनं ते झेललं.

शालूबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

कोण ही? आवाज जाड होता, जुनाट होता, पण भक्कम. शब्द असा अलगद उचलत होता, जसा पडणाऱ्या लेकराला हात पुढं होतो. ना घाई ना उशीर. प्रत्येक ओळीला पद्मा सोडत होती आणि ती बाई झेलत होती. मांडवातल्या बायका माना डोलवत होत्या. शालूबाईनं त्या पोरीचा हात धरला.

"ही दुसरी कोण गं?"

"काय माहीत, मावशी. मोबाइलवर फिरत आलंय, नाव न्हाई दिलेलं. हळदीचं गाणं एवढंच लिहिलंय. पण भारी म्हणून राहिली ना ती मागची?"

"भारी कशाची," शालूबाई म्हणाली. "घसा बसलेला हाय तिचा."

परतीच्या एसटीत ती शेषरावशी एक शब्द बोलली नाही. खिडकीबाहेर कापलेली रानं जात होती आणि तिच्या डोक्यात गावातल्या एकेक बाईचा गळा तपासला जात होता. जनकाबाई? तिला ताल नाही, पण पद्माच्या शेजारी बसायची हौस पहिल्यापासून. दगडोबाची नवी सून कोमल? तिचा आवाज कोवळा. का शीतलनंच नांदेडहून कोणी शिकलेली आणली? आणली असेल. पैसे टाकले की माणूस मिळतं. पण पैसे टाकून असं झेलणं मिळतं का?

हेच तिला खात होतं. वाईट गाणारी असती तर शालूबाई सुखानं झोपली असती. पण ती बाई चांगली होती. कबूल करायला जीभ रेटत नव्हती, तरी खरं हेच की आपण इतकी वर्षं जे केलं ते त्या बाईनं आपल्यापेक्षा बरं केलं होतं.

गावात आल्यावर ती टेहळणीला लागली. नळावर जनकाबाई भेटली.

"काय जनके, पद्माकडं लई येणंजाणं हाय म्हणं तुहं?"

"व्हय. पापड लाटाया गेले व्हते."

"नुसते पापडच लाटले?"

"मग काय रोडगे भाजू?" जनकाबाई हंडा उचलत म्हणाली. "तू काहून जात न्हाई गं? गाणं तर बराबर जमलंय. साऱ्या गावाच्या मोबाइलात हाय. लाव म्हणती का?"

"मला काम हाय," म्हणून शालूबाई निघाली. तिला वाटलं जनका टोमणा मारून राहिली. तिच्यादेखत कोणी ते गाणं लावलं की ती उठून जायची. बायका एकमेकींकडं बघून हसायच्या, म्हणायच्या, "लाजती हो." शालूबाईला फक्त हसू दिसायचं आणि ती आणखी जळायची. शेषराव एकदा जेवताना काही बोलायला गेला, "अगं, ते पद्माच्या गाण्यात…" तेव्हा तिनं भाकरी त्याच्या ताटात अशी आपटली की त्यानं पुढचं वाक्य पाण्याबरोबर गिळलं.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. दुपारी गिरणी थांबली. शालूबाई ओट्यावर वाती वळत बसली होती. पद्माच्या घरातून त्या दुसरीचा आवाज आला. एकच शब्द. 'ओले.' थोडं थांबून पुन्हा 'ओले'. मग पुन्हा. कोणीतरी आत बसून तो शब्द घोटवून घेत होतं. म्हणजे ती आज इथं होती, भिंतीच्या पलीकडं, शालूबाईच्या स्टुलावर.

शालूबाईनं वाती तशाच टाकल्या. पायात चप्पलही घातली नाही. दार ढकलून ती आत शिरली.

"कुठं हाय ती?"

पद्मा दचकून वळली. खोलीत ती एकटीच होती, हातात माउस, हेडफोन टेबलावर. "कोण, अक्का?"

"ती टवळी. मागं म्हणती ती. लपवली कुठं? गोधडीमागं?" आणि शालूबाईनं खरोखरच एक गोधडी उचलून पाहिली. मागं भिंत होती.

पद्मा तिच्याकडं बघत राहिली. आधी तिला काहीच उमजेना. मग उमजलं, आणि तिनं तोंडाला पदर लावला.

"हसू नको, पद्मे. सरळ सांग. मी असताना तुला दुसरी काहून लागली?"

"अक्का, बसा आधी."

"मी न्हाई बसत."

"मग उभ्यानं ऐका." पद्मानं पडद्यावर काहीतरी शोधलं. "हे शीतलच्या हळदीचं हाय. धम्मानंदनं मोबाइल चालू करून पाटावर ठेवला व्हता, आठवतं का? आपल्या दोघींच्या मधी."

स्पीकरमधून गलका आला. भांडी, हसणं, जात्याची घरघर, त्यात पद्मा गात होती, आणि ओळीच्या शेवटी ती दुसरी. शालूबाई म्हणाली, "म्हंजे तवापासून हाय व्हय ही? शीतलच्या हळदीला आली व्हती? कोणाकडची?"

"पुढं ऐका."

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. मग तोच जाड, खरबरीत आवाज गाण्यातून बाहेर येऊन बोलायला लागला: "ए जनके, सरक की तिकडं. बूड हाय का पोतं? सारी हळद सांडशील."

शालूबाईला ते वाक्य चांगलं आठवत होतं. जनकाबाई त्यावरून चार दिवस रुसली होती.

"हा माहा आवाज न्हाई," ती म्हणाली. "माहा असा कुठं हाय?"

"असाच हाय, अक्का. आपला आपल्याला आतून ऐकू येतो, म्हणून दुसऱ्याचा वाटतो. मला बी पहिल्यांदा माहा आवाज मांजरावाणी वाटला व्हता."

शालूबाई आता स्टुलावर बसली. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. एवढे महिने जिचा हेवा केला, जिला मनातल्या मनात टवळी, भाडोत्री, फुटकं मडकं म्हटलं, ती ही. आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण मागोमाग जुनीच कळ उठली.

"म्हंजे माहा आवाज काढून घेतला, अन् मला विचारलं न्हाई."

"विचाराया दोनदा आले व्हते. तुमी दार लावलं."

शालूबाईनं विषय बदलला.

"अन् एकटीनं काहून न्हाई म्हटलं? गळा तर तुहा गोड."

पद्मानं माउस सोडला. "म्हटलं न्हाई असं वाटतं का तुमाला? लई खेपा केल्या. मोठ्या हौसेनं पहिलं गाणं भरलं, अन् लावून बघितलं तर प्रत्येक ओळीच्या शेवटी भोक. शेवटचा शब्दच न्हाई. मला वाटलं माइक बिघडला. धम्मानंदला फोन केला, त्यानं दोन घंटे वायरी तपासाया लावल्या. मग माह्या ध्यानात आलं. मी म्हणतच न्हाई तो. लग्न होऊन आले तवापासून कधी म्हटलाच न्हाई. तिथं आलं की मी श्वास घेती, बस. मुद्दाम म्हणाया गेले तर पुढच्या ओळीला दम पुरंना. मग ही शीतलची हळद काढली. त्यात साऱ्या गलक्यात कुठं काही सुटं सापडंना, फक्त ओळीच्या शेवटी मी थांबलेली अन् तुमी एकट्या. तिथं तुमचाच आवाज, त्यात माहा मिसळलेला न्हाई. तेवढे शब्द कापून घेतले, मागची भांड्याची खणखण काढली, अन् माह्या ओळीच्या पुढं जोडले."

शालूबाईनं पडद्याकडं पाहिलं. वर एक लांब रेघ होती, तिला मधेमधे खंड. खाली दुसरी रेघ, नुसत्या तुकड्यांची, आणि प्रत्येक तुकडा वरच्या खंडाखाली बरोबर बसलेला.

"खालची मी?"

"व्हय."

"अन् आता काहून ते 'ओले, ओले' लावलं व्हतं?"

"पोळ्याचं गाणं भराया घेतलंय. त्याचे शेवटचे शब्द माह्यापाशी न्हाईत. त्या हळदीत जेवढे व्हते तेवढेच. 'ओले'चं 'आले' करता येतं का बघून राहिले व्हते. न्हाई होत."

बाहेर कुठंतरी एसटीचा हॉर्न वाजला. शालूबाई विचारायचं की नाही, असं करत अखेर विचारून बसली.

"तू शिकलीस तर? शेवटचा शब्द म्हणाया?"

पद्मा खोटं बोलणारी बाई नव्हती. "शिकून राहिले, अक्का. जमंल बी एखाद्या वर्षात."

हे ऐकून शालूबाईला जे वाटलं ते सांगणं अवघड आहे. ज्या आधारावर तिनं माया केली होती तो पायाखालून सरकत होता, आणि सरकवणारी तीच, तशीच गरीब, तशीच खरं बोलणारी. ती उठली. दारापर्यंत गेली. तिथं खुंटीला एक पट्टी लटकत होती, जुन्या खणाच्या दोन घड्यांत कापूस भरून शिवलेली, टोकांना नाड्या. तिच्यावर धूळ बसली होती.

"हे काय गं?"

"तुमच्या बांगड्यांसाठी. काढाया नको म्हणून. वरून गुंडाळली की वाजत न्हाईत. त्याच सांजेला शिवली, अन् घेऊन आले व्हते."

शालूबाईनं पट्टी खुंटीवरून काढली आणि झटकली. 

"त्या दिवशी माही जीभ, पद्मे…"

"हात पुढं करा," पद्मा मधेच म्हणाली. "बालाजीदादा जेवून येतील इतक्यात."

शालूबाईनं बांगड्या वर सारल्या आणि हात पुढं केला. पद्मानं पट्टी गुंडाळून नाडी बांधली, दुसऱ्या हाताला रुमाल बांधला. पद्मानं हेडफोन द्यायला हात लांबवला, तो शालूबाईनं बाजूला सारला. "ते न्हाई लागत. तू समोर बस. तोंड दिसलं पाहिजे." एकच माइक होता. दोघी त्याच्या दोन्ही अंगांना बसल्या, जात्यापाशी बसायच्या तशा. पद्मानं ओळ सोडली. शालूबाईनं झेलली. पडद्यावर एकच रेघ उठत गेली, तिच्यात कुठं खंड नव्हता.

गाणं संपल्यावर पद्मानं लावून दाखवलं. शालूबाई डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली, मग तोंड वाकडं करून म्हणाली, "ती शीतलच्या हळदीतलीच बरी म्हणत व्हती."

"ती तरुण व्हती, अक्का."

"तरुण कशाची. खुडूक कोंबडीवाणी फुगलेली नुसती." पण घरी जाऊन तिनं शेषरावचा मोबाइल मागितला आणि ते जुनं गाणं तीनदा लावलं. शेषराव म्हणाला, "हेच तर सांगत व्हतो मी तवा." तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

आता एकाच माइकवर भरल्यामुळं दोघींचे आवाज वेगळे करता येत नाहीत. एकीचं चुकलं की दोघींना पहिल्यापासून म्हणावं लागतं. धम्मानंद फोनवर सांगतो की आई, दोन माइक लाव, कापाकापी सोपी जाईल. शालूबाई फोनजवळ तोंड नेऊन म्हणते, "काही गरज न्हाई." लोक अजूनही पद्माचा गळा म्हणूनच वाखाणतात. शालूबाईला ते अजूनही टोचतं, आणि ती तसं बोलूनही दाखवते.

पद्माबाई सकाळी अंगणवाडीत खिचडी शिजवते. दुपारी बालाजी जेवायला गेला की खोलीत गोधड्या सोडते, कम्प्युटर लावते आणि शालूबाईला हाक मारते. ओळीचा शेवटचा शब्द ती अजून गात नाही.